काउंटरचा आकडा वाढला म्हणजे अणुकचरा गळला, असं नसतं

एक संदेश अधूनमधून फिरत असतो. अणुकचऱ्याच्या साठवणस्थळाच्या कुंपणापाशी कुणीतरी गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं हातातलं यंत्र) धरलेला असतो, आकडा नेहमीच्या दुप्पट दिसतो, आणि सोबत चार दावे असतात: गळती सुरू आहे, तिथल्या मातीत प्लुटोनियम सापडलंय, मोजणारे सरकारचेच असल्यामुळे ते कबूल करणार नाहीत, आणि मोजणीवर विश्वास असेल तर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात 2014 साली काय झालं ते बघा.

तर न्यू मेक्सिकोच बघू. तिथे कार्ल्सबाड गावाजवळ मिठाच्या थरात, जमिनीखाली सुमारे 655 मीटरवर, अमेरिकेच्या अण्वस्त्रनिर्मितीतला कचरा पुरला जातो. या जागेचं नाव वेस्ट आयसोलेशन पायलट प्लांट, बोलताना नुसतं ‘विप’. पहिला कचरा तिथे मार्च 1999 मध्ये पोचला.

आधी काउंटर. किरणोत्सार ठरावीक चालीने येत नाही. मिनिटाला सरासरी 25 ठोके पडत असतील, तर पुढच्या मिनिटाला 20 किंवा 30 पडणं अगदी साधी गोष्ट आहे आणि कधीतरी 35 सुद्धा पडतात. त्यात पाऊस आला की हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेले शिसं आणि बिस्मथचे अल्पायुषी अणू जमिनीवर उतरतात आणि आकडा चढतो. त्यांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा वेळ, अर्ध्या तासाहूनही कमी असल्यामुळे पाऊस थांबल्यावर दोनेक तासांत तो पुन्हा खाली येतो. एका मिनिटाचा फोटो यातलं काहीच सांगत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. विपमधल्या कचऱ्यात मुख्यतः प्लुटोनियम आणि अमेरिसियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं आहेत. हे दोन्ही प्रामुख्याने अल्फा कण सोडतात, आणि अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरच जातो, कागदानेही अडतो. म्हणजे तिथून खरोखर थोडी गळती झाली, तरी कुंपणावर धरलेला हातातला काउंटर बहुधा गप्पच राहील. तेव्हा ‘आकडा वाढला, गळती आहे’ हे जितकं चूक, तितकंच ‘आकडा वाढला नाही, गळती नाही’ हेही चूक. दुसरं वाक्य संदेशाचे विरोधकही बेधडक वापरतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

गळती पकडायची तर पंपाने हवा दिवसेंदिवस फिल्टरमधून ओढावी लागते. मग तो फिल्टर आम्लात विरघळवून रसायनांनी एकेक मूलद्रव्य वेगळं काढायचं आणि त्याचे अल्फा कण मोजायचे. कंटाळवाणं काम आहे, व्हिडिओत दाखवण्यासारखं त्यात काही नाही.

आता मातीतलं प्लुटोनियम. ते सापडतं, यात वाद नाही. 1945 ते 1980 या काळात वातावरणात 500 हून अधिक अणुचाचण्या झाल्या आणि त्यांची धूळ जगभर बसली. विपच्या बाबतीत तर आणखी एक भानगड आहे. 10 डिसेंबर 1961 रोजी, विपपासून पंधरा किलोमीटरच्या आतच, ‘नोम’ नावाचा अणुस्फोट जमिनीखाली, मिठाच्या थरातच केला होता. तो आतच राहायला हवा होता, पण किरणोत्सारी वाफ वर आली. म्हणजे विपमध्ये एकही पिंप उतरण्याआधी सदतीस वर्षं त्या परिसरात किरणोत्सारी डाग पडलेला होता. म्हणून तिथे कचरा येण्याआधीच हवा, माती आणि पाण्याच्या पाया-नोंदी करून ठेवल्या आहेत. ‘सापडलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे; ‘आधीपेक्षा जास्त सापडलं का, आणि कोणतं मूलद्रव्य दुसऱ्याच्या किती पट?’ हा खरा प्रश्न. वसंतात वारा सुटला की तिथल्या हवेतलं प्लुटोनियम वाढतं, पण त्याच्याबरोबर मातीतलं ॲल्युमिनियमही वाढतं, म्हणजे ती उडालेली जुनी माती असते.

मूलद्रव्यांच्या या आपसातल्या प्रमाणाची गोष्ट तर निर्णायक आहे. जगभर पसरलेल्या चाचण्यांच्या धुळीत अमेरिसियमचा किरणोत्सार प्लुटोनियमच्या निम्म्याहूनही कमी असतो. 2014 मध्ये विपमधून खरोखर गळती झाली, तेव्हा तिथून साधारण एक किलोमीटरवरच्या फिल्टरवर तो प्लुटोनियमच्या दहापटीहून जास्त निघाला. हे जुन्या धुळीतलं नाही, आतल्या पिंपातलं आहे, हे त्यावरून कळलं.

हा फिल्टर तपासला न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या कार्ल्सबाडमधल्या केंद्राने, आणि गळतीच्या पाचव्या दिवशी, 19 फेब्रुवारीला, निकाल जाहीरही केला. या केंद्राला पैसा अमेरिकी सरकारच्या ऊर्जा खात्याकडून मिळतो, विपही त्याच खात्याचं. संशय घ्यायला जागा आहे, मान्य. पण ‘कबूल करणार नाहीत’ म्हणताना त्यांनीच कबूल केलेली गळती पुरावा म्हणून द्यायची, हे कसं जमतं? शिवाय हेच केंद्र 1997 पासून आसपासच्या प्रौढ रहिवाशांच्या शरीरातला किरणोत्सार मोफत मोजून देतं.

राहिली 2014 ची घटना. 14 फेब्रुवारीच्या रात्री लॉस ॲलॅमॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतून आलेलं एक पिंप आतल्या रासायनिक क्रियेने तापून फुटलं. त्यात नायट्रेट क्षारांबरोबर शोषक म्हणून गव्हापासून बनवलेली ‘कॅट लिटर’, म्हणजे पाळीव मांजरांच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ती भुकटी, भरली होती! खालच्या यंत्राने इशारा दिला आणि हवा आपोआप फिल्टरकडे वळवली गेली. मात्र वळवणाऱ्या झडपा पुरत्या बंद होत नव्हत्या, तिथून थोडी हवा न गाळता बाहेर गेली. 20 हून अधिक कामगारांच्या शरीरात अत्यल्प किरणोत्सार आढळला. बाहेरच्या माणसाला मिळू शकणारा किरणोत्साराचा डोस 0.01 मिलिसिव्हर्टपेक्षा (हे डोस मोजायचं एकक) कमी असल्याचा अंदाज निघाला. नैसर्गिक स्रोतांतून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतो. यावर ‘एक कणही घातक’ असं उत्तर येतं. नियम बनवणारेही डोस वाढेल तसा धोका वाढतो असंच धरतात, पण त्याच हिशेबाने इतक्या छोट्या डोसाचा धोकाही तितकाच छोटा ठरतो.

म्हणजे मोजणी फसली नाही. फसलं ते पिंप भरणं आणि झडपांची देखभाल, आणि विप त्यापायी जानेवारी 2017 पर्यंत जवळपास तीन वर्षं बंद राहिला. टीका करायचीच तर जागा भरपूर आहे: त्या रात्री कचऱ्याच्या त्या दालनातून येणाऱ्या हवेवर पहारा देणारं एकच यंत्र चालू होतं. तेही बंद असतं तर हवा वळवा असं सांगणारं खाली दुसरं काही नव्हतं.