पीळ काही येईना

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडे उलटंच झालं. मे महिन्याच्या उन्हात माणूस जळून रायला होता, पण पीळ काही येत नव्हता.

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात काकाजींचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथं गणिताच्या निवृत्त गुरुजींनी फाटकाची ऑर्डर दिली. साधं फाटक नको. 10 मिमीच्या चौकोनी बारला पीळ पाहिजे, वरती एस आकाराचं वळण आणि टोकाला वेटोळं. अन् लोखंड कापायच्या आधी ते सगळं मोबाईलवर फिरवून-फिरवून दिसलं पाहिजे. खानदानात डिप्लोमावाला मी एकटा. झालं!

काकाजी बार वाईसमध्ये आवळतात, दुसऱ्या टोकाला पान्हा लावतात आणि बोलता-बोलता थंड लोखंडाला पीळ घालून मोकळे होतात. कम्प्युटरात आधी चौकोन काढा, मग त्याची वाट काढा, मग चौकोन त्या वाटेवरून ओढत न्या. याला म्हणायचं स्वीप. सरळ वाटेवरून ओढला, सरळ बार आला. मेनूत ‘फ्रेने’ नावाचा पर्याय दिसला. हे फ्रेने म्हणजे फ्रान्सचे गणिती. वक्ररेषेवरून जाताना दिशा कशी फिरते, ते त्यांनी 1847 साली प्रबंधात मांडलं. पण त्यांची दिशा ठरते वळणावरून, आणि सरळ रेषेला वळणच नसतं. तिथं बिचाऱ्या चौकोनाने तोंड कुणीकडे करावं? एसवर वळण होतं, तर जिथं ते डावीकडचं उजवीकडे होतं, नेमकी तिथं त्याने 180 अंशांत पलटी खाल्ली. ग्रामपंचायतीचा निकाल लागल्यावर आमच्याकडचे काही सदस्य खातात, तशीच.

मग लॉफ्ट करून पाहिलं, म्हणजे दोन आकार मांडायचे आणि मधला भाग सॉफ्टवेअरने जोडायचा. खाली एक चौकोन, वर दुसरा, वरचा 90 अंशांत फिरवलेला. ओके दाबलं. पुन्हा सरळ बार! चौकोन 90 अंशांत फिरवा की नका फिरवू, दिसतो तसाच. सॉफ्टवेअर आपलं जवळचा कोपरा जवळच्या कोपऱ्याला जोडून मोकळं. 45 अंश दिले तर जवळचा कोपरा कोणता, हा वेगळाच वाद. शेवटी 30-30 अंशांनी फिरवलेले चौकोन एकावर एक रचले, तेव्हा कुठे पीळ दिसला. मी आतल्या खोलीतून आरोळी ठोकली, “काकू, चहा मांडा!”

चहा उकळेपर्यंत वेटोळ्याला हात घातला. इथं वाटेभोवती दुसरी मळसूत्री रेषा काढायची आणि चौकोनाला सांगायचं, बाबा, हिच्याकडे बघत-बघत चाल. उत्तर आलं, ‘बीरेप एपीआय, कमांड नॉट डन.’ कोणती कमांड, काहून नाही झाली, काही पत्ता नाही. काकू कपबशी घेऊन आल्या, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “लाईन कमी असन रे. कूलरही चालून नाई रायला.”

गंमत अशी की बिनापिळाचा चौकोन त्याच वेटोळ्यातून सुखरूप जात होता. पीळ घातला की नॉट डन. काकाजींनी वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ पाहिलं.

“आतल्या आंगाले जागाच नाई ना बाप्पा. सपाट बाजू आत असली तं वाकन. कोपरा आत आला तं तो कुठी जाईन?”

वेटोळ्याची त्रिज्या होती बारच्या मध्यापर्यंत 6 मिमी, गुरुजींनी आलेखाच्या कागदावर स्वतः काढून दिलेली. बारच्या मध्यापासून सपाट बाजू 5 मिमीवर, पण कोपरा 7.07 मिमीवर. म्हणजे पीळ फिरत-फिरत कोपरा आतल्या अंगाला आला की थेट केंद्राच्या पलीकडे, लोखंड लोखंडाच्याच पोटात. त्रिज्या 12 केली आणि बार आला, पिळासकट, वेटोळ्यासकट.

आता गुरुजींच्या आकड्याला हात लावला हे त्यांना सांगायचं कोणी? मीच सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढला, कॅलेंडरच्या मागे 10 चा वर्ग अधिक 10 चा वर्ग, 200, वर्गमूळ 14.14, निम्मं 7.07 असं मांडलं आणि खूश झाले. मग एस्टिमेट वाचलं.

“लोखंड एवढं जास्त काहून धरलं?”

“पीळ घातला का बार आखूड होते, गुरुजी,” काकाजी म्हणाले.

गुरुजींनी मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. “याच्यात तर पिळाच्या आधीही 4 फूट अन् नंतरही 4 फूट!”

दोघंही माझ्याकडे पाहायला लागले.