बारा दिवसांच्या गोळ्या

शनिवारी रात्री बँकेच्या पायरीवर नेहमीची मंडळी जमली होती. दिल्या उशिरा आला आणि टेकता टेकताच म्हणाला, "दादाच्या नैराश्याच्या गोळ्या बंद करतोय. बारा दिवस झाले, काडीचा फरक नाही. नुसती मळमळ."

दादाचं दुकान चार महिने बंद आहे.

"बरं करतोयस," बापू म्हणाला. "वडील गेल्यापासून तो असा झालाय. गोळीने दुःख जातं का कुठं? मनाचा अभ्यास करणाऱ्या फ्रॉइडने १९१७ सालीच लिहून ठेवलंय, गेलेल्या माणसावरचा राग आपण स्वतःवर काढतो. त्याला बोलतं करा."

मास्तर म्हणाले, "अरे, हेच सिद्ध करायला निघालेला अमेरिकेचा मनोविकारतज्ज्ञ आरन बेक उलट दिशेला गेला. रुग्णांच्या स्वप्नांत त्याला राग शोधायचा होता, सापडलं ते हरणं आणि गमावणं. मी नालायक, जग वाईट, पुढंही काही बरं होणार नाही, हे तीन विचार. ते तपासायला शिकवलं की माणूस सावरतो. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाची पद्धत साधारण याच वळणाची, ती आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी रुजवली."

"जो माणूस आंघोळीला उठत नाही, तो विचार कसले तपासणार?" मेडिकलवाला नंदू उसळला. "मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडतं, गोळीने वाढतं. साधा हिशोब."

"तोच हिशोब जुळत नाही," मास्तर म्हणाले. "२०२२ साली लंडनच्या जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. सेरोटोनिन कमी असल्यामुळे नैराश्य येतं, याला ठोस पुरावा मिळाला नाही."

"म्हणजे गोळ्या थोतांड!" बापू म्हणाला.

इथे मला राहवेना. ही उडी मी फार ठिकाणी ऐकली आहे आणि ती चुकीची आहे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड देत होते. अंथरुणाला खिळलेली माणसं हसू लागली, जेवू लागली, वॉर्डात नाचू लागली. क्षयाचं औषध मनावर चालतंय हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे इमिप्रामिन या औषधाचंही तसंच. स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी ते स्किझोफ्रेनियासाठी वापरून पाहिलं, आणि उपयोग झाला तो नैराश्यात. औषधं आधी सापडली, रसायनांचे सिद्धान्त मागून आले. त्यामुळे सिद्धान्त डळमळला म्हणून औषध खोटं ठरत नाही. आणि औषध लागू पडलं म्हणून दादाचं दुःख नुसतं रसायनाचं होतं, असंही नाही, नंदू. आजार का आला आणि उतार कशाने पडेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

"पण बारा दिवस?" दिल्या म्हणाला.

"या गोळ्यांना दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. मळमळ आधी येते, बरं वाटणं मागून. आणि परस्पर बंद करायच्या नाहीत." मग मी विचारलं, "जगावंसं वाटत नाही, असं काही म्हणाला का तो?"

दिल्या गप्प झाला. "म्हणाला. परवा. आई म्हणाली, डॉक्टरला सांगू नकोस, शॉक देतील."

आईची भीती मला कळते. रोममध्ये १९३८ साली शॉक सुरू झाले तेव्हा भूल नव्हती, हाडंही मोडायची. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं २०१७ च्या कायद्याने बंद आहे. काही काळाच्या आठवणी पुसट होतात, हे खरं. पण जीव धोक्यात असतो तेव्हा इतक्या लवकर गुण देणारे उपाय थोडेच आहेत. आणि दादाला शॉकच लागेल असं कुठं ठरलंय? तो काय बोलला ते डॉक्टरला कळलं तर पाहिजे.

"सोमवारी नेतो," दिल्या म्हणाला.

"सोमवार नाही, आत्ता," मास्तर उठले. "डॉक्टरांना फोन लाव. नाही उचलला तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, रात्रीही चालू असते. आणि आज त्याला एकटं झोपू द्यायचं नाही."

बापूने गाडीची किल्ली काढली. "चल, मी येतो. रात्री तिथंच थांबतो."