डेंटलची यादी आणि घरची शांतता

नीटमध्ये ७२० पैकी जे पडायचे ते मार्क पडले. एमबीबीएस हुकलं हे घरात सगळ्यांना कळलंय, फक्त तोंडानं कुणी बोलत नाही. आता बीडीएससाठी कॉलेजांची पसंतीयादी भरायची आहे, आणि कुठल्याशा काउन्सेलरनं फी घेऊन सांगितलंय की यादी 'समतोल' हवी: काही ड्रीम, काही टार्गेट, काही सेफ. समतोल नेमका कुणाकुणात साधायचा, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. ते आम्ही फुकट सांगतो.

पहिला नंबर डोळे मिटून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाला द्या. फी कमी आणि पेशंट भरपूर ही कारणं आहेतच, पण ती गौण. खरी सोय पत्त्याची आहे. कॉलेज मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात आहे. गणपतीच्या आरतीनंतर सोसायटीत कुणी विचारलं, "काय मग, कुठं लागली पोरगी?" तर "मेडिकलला" म्हणून प्रसाद पुढे करायचा. एक अक्षर खोटं नाही. समोरचा पुढे काय समजला, तो त्याचा प्रश्न.

आता एक गोष्ट कुणाला सांगू नका. राज्यातले प्रवेश देणाऱ्या सीईटी सेलचा कॉम्प्युटर तुमची यादी वरून खाली वाचतो. मेरिटमध्ये तुमचा नंबर आला की तुमच्या यादीतलं, त्या वेळी जागा शिल्लक असलेलं, सगळ्यात वरचं कॉलेज तो देऊन टाकतो. वर एखादं आवाक्याबाहेरचं नाव टाकलं म्हणून तो रुसत नाही, की शिक्षा म्हणून खालचं काढून घेत नाही. थोडक्यात, मनापासून जे जसं हवं त्या क्रमानं लिहायचं आणि जिथं जायचंच नाही ते लिहायचं नाही, की यादी झाली. चहा निवायच्या आत होईल. पण मग उरलेल्या पंधरवड्यात घरात भांडायचं कशावरून? म्हणून हे ज्ञान गिळा आणि मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडा. ती पहिल्या राउंडची आहे की शेवटच्या, आपल्या प्रवर्गाची आहे की दुसऱ्याच्या, असल्या बारकाव्यात शिरू नका. आकडा पाहून घाबरा आणि एक सेफ कॉलेज उचलून सगळ्यात वर ठेवा. मशीन आज्ञाधारक आहे, तेच देईल.

यानंतर नातेवाईक. आजीची अट एकच, डबा गरम पोहोचला पाहिजे. तिच्यासाठी हिंगणा रोडची दोन कॉलेजं आहेत, डिगडोहचं आणि वानाडोंगरीचं. मुंबईचं नायर आणि सीएसएमटीजवळचं सरकारी टाकायचं असेल तर आजी झोपल्यावर टाका. रिटायर झालेले मोठे काका "विदर्भाचा सत्तर टक्के कोटा" धरून हिशेब मांडतील. सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या पोरांना, तीस टक्के बाकी राज्याला, हा ७०:३० प्रकार २०२० मध्येच रद्द झाला, पण त्यांना सांगू नका, त्यांचा कागद फार सुबक असतो. वर्ध्याची आत्या सावंगीचा आग्रह धरेल. तिथलं कॉलेज अभिमत विद्यापीठाचं, म्हणजे ते राज्याच्या यादीत दिसणारच नाही. त्यासाठी दिल्लीच्या एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या प्रवेश समितीकडे, वेगळी नोंदणी आणि २ लाख अनामत. नोंदणी केल्याशिवायच "सावंगी टाकलंय ना?" या प्रश्नाला हो म्हणता येतं, अन् आत्याचंही समाधान होतं.

शोभेची नावंही हवीतच. जिथं पोरीला पाठवायचं नाही अशी दोन-चार कॉलेजं "राहू दे, लागतंय कशाला" म्हणून वर ठेवा. दुसऱ्या राउंडला त्यातलं एखादं लागलं की हातातली जागा आपोआप जाते. मग घरात जी चर्चा होते, तिला तोड नाही.

कॉलेज बघायला गेलात तर इमारत बघा, गेटबाहेरचे तर्री पोहे चाखा, फोटो काढा. ओपीडीत मात्र पाऊल टाकू नका. सकाळी दहा-साडेदहाला किती खुर्च्यांवर पेशंट आहे आणि किती खुर्च्यांवर इंटर्न मोबाइल घेऊन पसरलाय, एवढं मोजलं तरी सगळी यादी उलटीपालटी होईल. तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थ्याला ठरलेल्या संख्येनं दात काढायचे, सिमेंट भरायचं, कवळ्या बसवायच्या असतात. पेशंट नसला तर हात बसणार कशावर? पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरून भागतं, पुढे माणूस लागतो. तसं विदर्भाला या बाबतीत खर्रा पावलेला आहे. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटून घोटून देतात. तो वर्षानुवर्षं गालात धरणाऱ्याला शेवटी "आ करा" म्हटलं तर दोन बोटंही आत जात नाहीत. गालाची आतली कातडी पांढरी पडून दोरखंडासारखी ताठ झालेली असते. सबम्यूकस फायब्रोसिस. पुस्तकातला धडा इथं रांगेत नंबर लावून बसतो, आणि यातूनच काहींचा कॅन्सर होतो. ही रांग कुठल्या कॉलेजात लांब आहे, असला प्रश्न यादी करताना विचारला तर लोक तुम्हाला विचित्र समजतील.

फीचंही तसंच. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती कुणालाही बघता येते, म्हणून ती बघण्यात काही मजा नाही. पाहुण्यांच्या ओळखीच्या 'सर'ना विचारा. ते संस्थास्तरीय कोट्यातली, कित्येक पट फीची जागा अशा आवाजात सांगतील की उपकार वाटावेत. होस्टेल, मेस, हत्यारांचा सेट हे खर्च त्यात धरू नका, पाच वर्षांत कळतीलच.

जातवैधता आणि नॉन-क्रीमिलेयर शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. फॉर्म शेवटच्या दिवशी संध्याकाळी, साइट रांगायला लागली की भरा.

आणि "डेंटल काहून घेता, एक वर्ष ड्रॉप घ्या ना" म्हणणाऱ्या मामांशी वाद घालू नका. त्यांची डावीकडची दुखरी दाढ फक्त बघून ठेवा आणि ती कुठं बाहेर काढून घेऊ नका असं प्रेमानं बजावा. तिसऱ्या वर्षी कोटा भरायला घरचा पेशंट लागतोच.