चाळीस फुटी बोटीला आऊटबोर्ड? कोकणातला हिशेब वेगळा आहे

कोकणातल्या बोटवाल्यांच्या गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. बोटीच्या आत बसवलेलं ते इनबोर्ड इंजिन, मागे बाहेर टांगलेलं ते आऊटबोर्ड. मजकुराचा मथितार्थ असा: ‘इनबोर्ड इंजिनाचा जमाना संपला. अमेरिकेत आता मोठमोठ्या बोटींनाही आऊटबोर्डच लावतात. आऊटबोर्ड वजनाला हलकं, वेगाला चांगलं, तेल कमी पितं, आगीची भीती नाही, उथळ पाण्यात वर उचलता येतं, बिघडलं तर काढून दुसरं लावता येतं. आज मोठ्या बोटीत इनबोर्ड बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.’ मांडव्यापासून देवबागपर्यंत हौसेसाठी किंवा पर्यटकांसाठी मोठी बोट घ्यायच्या विचारात असलेली माणसं हे वाचून कोटेशन मागवू लागली आहेत. पैसा लाखांत नाही, कोटीत जातो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो. वीस-पंचवीस फुटी बोटीचा वाद नाही, तिथे आऊटबोर्डच बरं. मी बोलतोय ते पस्तीस-चाळीस फुटांच्या, आठ-दहा टनांच्या बोटीबद्दल.

‘अमेरिकेत सगळे आऊटबोर्डवर गेले.’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. यामाहाने 2007 साली 350 अश्वशक्तीचं व्ही-8 (आठ सिलिंडरचं) आऊटबोर्ड आणलं, मर्क्युरीने 2021 मध्ये 600 अश्वशक्तीचं व्ही-12 आणलं, आणि तिकडे चाळीस फुटांवरच्या बोटींच्या मागे तीन-तीन, चार-चार इंजिनं दिसू लागली. त्या बोटी बांधल्याच आहेत हलक्या. फ्लोरिडातून सकाळी सुसाट निघायचं, बहामाच्या उथळ पाण्यात मासे धरायचे आणि संध्याकाळी परतायचं, यासाठी. तिथे बोट लागते त्या धक्क्यावरच पेट्रोल मिळतं, बऱ्याच ठिकाणी इथेनॉल नसलेलं. गावोगावी कंपनीचा माणूस आहे, बोट उचलायला क्रेन आहे. आणि त्याच अमेरिकेत जड मोटरयॉट आणि लांब पल्ल्याच्या बोटी आजही डिझेल इनबोर्डवरच चालतात. व्हॉल्वो पेंटाने 2017 मध्ये सेव्हन मरीन या पाचशेच्या वर अश्वशक्तीची आऊटबोर्ड बनवणाऱ्या कंपनीतला बहुसंख्य हिस्सा विकत घेतला होता. 2020 च्या अखेरीला ते उत्पादन बंद झालं. याच व्हॉल्वोची 2005 मधली आयपीएस पद्धत, ज्यात इंजिन आत आणि बोट ढकलणारे पंखे (प्रोपेलर) तळाखाली पुढे तोंड करून असतात, ती मात्र चालू आहे. इनबोर्ड मेलं म्हणणाऱ्याने एवढं तरी बघावं.

‘आगीची भीती नाही.’ हा मुद्दा तर आपल्याकडे उलटाच लागू होतो. अमेरिकेत इनबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंखा मागे बाहेर) म्हटलं की पुष्कळदा पेट्रोलचं इंजिन असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते आणि ठिणगी पडली की स्फोट होतो. म्हणून तिकडे किल्ली फिरवण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (आतली वाफ बाहेर फेकणारं यंत्र) चालवायचा दंडक आहे. त्या बोटीशी तुलना केली तर बाहेर टांगलेलं आऊटबोर्ड नक्कीच सुरक्षित. पण कोकणात मोठ्या बोटीचं इनबोर्ड म्हणजे डिझेल. डिझेल चांगलं तापल्याशिवाय पेट घेण्याइतकी वाफ सोडत नाही. पेट्रोल शून्याखाली 40 अंशांतही सोडतं. आणि आऊटबोर्ड बाहेर असलं तरी त्याची हजार लिटरची टाकी कुठे असते? डेकच्या खालीच. शिवाय धक्क्यावर पेट्रोलचा पंप जवळजवळ नसतोच. रस्त्यावरच्या पंपावरून कॅन भरून टेम्पोने आणायचे, ओहोटीत दोन-तीन मीटर खाली गेलेल्या बोटीत एकेक उतरवायचे आणि नरसाळ्याने ओतायचे. उन्हात तापलेल्या डेकवर सांडलेलं पेट्रोल, शेजारच्या बोटीवर पेटलेला स्टोव्ह. हे दृश्य ज्याने पाहिलंय त्याने आगीचा मुद्दा आऊटबोर्डच्या बाजूने मांडू नये.

आता ‘तेल कमी पितं’. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. हा दावा जुन्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डच्या तुलनेत खरा आहे, डिझेलच्या तुलनेत नाही. दहा टनांची चाळीस फुटी बोट 20 नॉटने (तासाला 20 सागरी मैल) पळवायला ढोबळमानाने 400 अश्वशक्ती लागते. तेवढ्या ताकदीला पेट्रोल इंजिनं तासाला 110 ते 125 लिटर घेतात, डिझेल इंजिनं 80 ते 85. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आणि डिझेल नव्वदच्या आसपास धरलं, तर तासाला चार-साडेचार हजार रुपयांचा फरक पडतो. मुंबई ते मालवण समुद्रमार्गे साधारण 175 सागरी मैल, म्हणजे या वेगाने नऊ तास. पेट्रोल हजार लिटर, डिझेल साडेसातशे. हजार लिटर म्हणजे वीस लिटरचे 50 कॅन. वाटेत रत्नागिरी, देवगडसारख्या बंदरात डिझेल धक्क्याजवळ मिळू शकतं, कारण मासेमारीच्या ट्रॉलर त्यावरच चालतात. हौशी बोटीला मच्छीमारांना डिझेलवर मिळणारा कराचा परतावा मिळत नाही, तो मिळूही नये, पण तेल तरी मिळतं.

आणि पेट्रोल म्हणजे तरी आता कोणतं पेट्रोल? 2025 पासून देशभर पंपांवर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं. मोठ्या आऊटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिका उघडून बघा, बहुतेक ठिकाणी मर्यादा 10 टक्क्यांची लिहिलेली आहे. फिरणाऱ्या मजकुरात याबद्दल अवाक्षर नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं. काचेच्या उभ्या मापात पंपावरचं 100 मिली पेट्रोल घ्या, त्यात 10 मिली पाणी घाला, झाकण लावून हलवा आणि ठेवून द्या. थोड्या वेळाने तळाशी वेगळा थर दिसतो, आणि तो 10 मिलीचा नसतो, 30 च्या जवळ गेलेला असतो. पाण्याने सगळं इथेनॉल आपल्याकडे खेचून घेतलेलं असतं. बोटीच्या टाकीत हेच होतं, आणि इंधन ओढणारी नळी असते नेमकी तळाशी. पहिला घोट त्याच थराचा जातो.

गाडीला हा त्रास का होत नाही, असं विचारतात. गाडीची टाकी आठवड्यात रिकामी होते. आपली बोट जूनमध्ये वर काढली, शाकारून ठेवली की नारळी पौर्णिमेनंतरच, हौशी मालकाची तर दसऱ्याला पाण्यात उतरते. मधले तीन-चार महिने कोकणच्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी, आणि तिच्या हवेच्या नळीतून आत-बाहेर करणारी दमट हवा. टाकी फायबरची, बोटीबरोबरच केलेली असेल तर इथेनॉल तिचं रेझिनही मऊ करू शकतं, तो राळेसारखा चिकटा पुढे इंजिनात जातो. वर इथेनॉलमध्ये उष्णता कमी, म्हणजे लिटरमागे आणखी सहा-सात टक्के तोटा. डिझेलही धुतल्या तांदळासारखं नाही. त्यातही पाणी साठतं, त्यात जंतू वाढून काळा गाळ होतो, फिल्टर चोंदतात. पण त्यावर उपाय माहीत असलेला माणूस प्रत्येक बंदरात आहे.

‘हलकं आणि वेगवान.’ बरोबर आहे. 300 अश्वशक्तीची दोन आऊटबोर्ड मिळून साडेपाचशे किलोच्या आसपास भरतात. त्याच ताकदीची दोन डिझेल इनबोर्ड गिअरबॉक्ससकट सव्वा ते दीड टन. दोन-तीन माणसं घेऊन शांत पाण्यात शर्यत लावली तर आऊटबोर्ड जिंकेल. पण बोटीत वीस माणसं, पाणी, बर्फ, नांगर, साखळी चढली की खेळ पंख्यावर येतो. आऊटबोर्डचा पंखा साधारण 15-16 इंचांचा, चाळीस फुटी इनबोर्डचा 22-24 इंचांचा, सावकाश फिरणारा. जड बोट ढकलायला मोठा, सावकाश फिरणारा पंखा जास्त कामाचा, हे ट्रॉलरवरचा कोणताही तांडेल सांगेल. फेब्रुवारी ते मे दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला की समुद्र खळबळतो. तेव्हा समोरून येणाऱ्या लाटेवर बोटीचा पार्श्वभाग उचलला जातो, मागे टांगलेला पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं आणि बोट जागच्या जागी राहते. इनबोर्डचा पंखा पुढे, तळाखाली आणि खोल. तो सहसा पाणी सोडत नाही. खाडीच्या तोंडावर, वाळूच्या दांड्यावर लाट फुटत असताना हे दोन-चार सेकंद फार महाग पडतात.

उथळ पाण्याचा मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करतो. कर्ली नदीच्या मुखाशी देवबागला वाळू दरवर्षी जागा बदलते. कालची वाट आज नसते. तिथे पंखा वर उचलता येणं ही फार मोठी सोय. नांगरावर असताना इंजिनाचा पाण्यातला पाय वर उचलून ठेवला की त्याला बार्नेकल (शिंपल्यासारखे चिकटणारे जीव) लागत नाहीत, हीसुद्धा. आणि जाळी. हर्णै काय, मालवण काय, तुटलेली नायलॉनची जाळी पाण्यात तरंगत असतात. आऊटबोर्डला जाळं गुंडाळलं तर उचला, सुरीने कापा, चला. इनबोर्डला कोणाला तरी सुरी घेऊन पाण्यात उतरावं लागतं, आणि तोवर नायलॉन घासून वितळून शाफ्टवर (पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर) त्याचा कडक गोळा झालेला असतो. शाफ्टवर बसवायचा दोरी कापणारा कटर मिळतो, इनबोर्ड घेणाऱ्याने तो घ्यावाच. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पंखा उचलला तरी दहा टनांच्या बोटीचा तळ स्वतःच पाऊण-एक मीटर पाणी मागतो, आणि इंजिन चालू असताना त्याचं पाणी ओढायचं भोक पाण्याखालीच राहावं लागतं. म्हणजे ही सोय दीड फुटाची आहे, खाडीत कुठेही घुसायचा परवाना नाही. दुसरं, गळाची बारीक तंगूस आऊटबोर्डच्या पंख्यामागे जाऊन सील कापते आणि ते वरून दिसत नाही. गिअर ऑइल दुधाळ निघालं की समजायचं, आत पाणी गेलं.

‘देखभाल सोपी, बिघडलं तर बदला.’ झाकण काढलं की सगळं हाताशी, हे खरं. इनबोर्डच्या हॅचमध्ये वाकून, तापलेल्या मॅनिफोल्डला कोपर भाजून काम करावं लागतं. इनबोर्डचा शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून पाणी झिरपतं, ते उपसणारा बिल्ज पंप आणि बॅटरीवर नजर ठेवली नाही तर बोट जागेवर बुडू शकते. आऊटबोर्डला तळाला तसलं भोकच नाही. हे सगळं कबूल. पण बहुतेक पेट्रोल आऊटबोर्डमध्ये समुद्राचं खारं पाणी थेट इंजिनाच्या आतून फिरतं. डिझेल इनबोर्डमध्ये आत कूलंट फिरतो आणि खारं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमध्ये. म्हणून आऊटबोर्डला प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात, गावात टँकर येत असताना, किती जेट्यांवर त्यासाठी नळ मिळेल? चाळीस फुटी बोटीवर तीन व्ही-8 लावली की 24 स्पार्क प्लग, तीन गिअरकेस, तीन वॉटर पंप. आणि ‘काढून दुसरं लावा’ म्हणताना क्रेन, दुसरं इंजिन आणि लॅपटॉप घेऊन येणारा माणूस हे तिन्ही मुंबई किंवा गोव्याहून येतात. नवीन कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) डिझेल इंजिनालाही लॅपटॉप लागतो, ते मी लपवत नाही. पण जुन्या पद्धतीच्या, साध्या यांत्रिक इंधन-पंपाचं डिझेल इंजिन घेतलंत तर मिरकरवाडा, साखरी नाटे, देवगड, मालवण, कुठेही नोझल काढून तपासणारा मिस्त्री संध्याकाळपर्यंत सापडतो.

जागेबद्दल थोडक्यात. इंजिन बाहेर गेल्याने आत जागा होते, बरोबर. पण तारकर्ली-मालवणात स्कुबासाठी बोट घेणाऱ्याने मागची बाजू बघावी. पाण्यातून वर येणारा माणूस मागूनच चढतो, आणि तिथे तीन इंजिनं उभी असतात. इनबोर्डच्या मागे सपाट फळी लावता येते. पंखा बंद असल्याची खात्री दोन्हीकडे करायचीच.

‘मग डिझेल आऊटबोर्ड का नको?’ असं विचारणारे आहेत. आहेत तशी इंजिनं. कॉक्स या ब्रिटिश कंपनीचं 300 अश्वशक्तीचं व्ही-8 डिझेल आऊटबोर्ड सुमारे 390 किलोचं आहे. इंधनाचा आणि आगीचा प्रश्न ते सोडवतं. पण वजनातला पाव ते एक तृतीयांश फायदा गेला, पंखा लहानच राहिला आणि किंमत पेट्रोलपेक्षा पुष्कळ वर गेली.

वर्षाला पन्नासेक तास, रविवारी अलिबागहून मुरूडपर्यंत, हलक्या बोटीत कुटुंब घेऊन जाणाऱ्याला डिझेल इनबोर्डचा जास्तीचा खर्च वसूल व्हायला फार वर्षं लागतील. त्याने आऊटबोर्ड खुशाल घ्यावं. फक्त पावसाळ्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करावी आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर लावावा. आणि कोटेशनवर एक ओळ लिहून मागावी: भारतातल्या पंपावरचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल वापरलं तरी वॉरंटी लागू राहील. विक्रेत्याने सहीशिक्क्यानिशी ती ओळ दिली, तर माझा निम्मा आक्षेप तिथेच मिटला.