गारीतलं सायनाइड आणि काकांचा फॉरवर्ड

भाचीला पीएचडीसाठी मार्गदर्शक मिळाले ते नायजेरियाचे, फूड इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. दुसऱ्याच दिवशी काकांनी घरच्या ग्रुपवर सगळीकडे फिरणारा मेसेज टाकला: ‘नायजेरियात पदव्या विकत मिळतात. लोक अजून सायनाइडवाला कसावा खाऊन मरतात, त्यांचे प्राध्यापक काय शिकवणार? आणि फूड इंजिनिअरिंग म्हणजे नुसता स्वयंपाक.’ पोरीने रात्री ताट बाजूला सारलं. म्हणून लिहितेय.

आधी सायनाइड. कसावा या कंदात लिनामरिन नावाचं नैसर्गिक द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं, हे खरं. कडवा कसावा नीट प्रक्रिया न करता सतत खाल्ल्याने काँगो आणि मोझांबिकमध्ये कोन्झो हा पाय लुळे करणारा आजार झाला, तेही खरं. पण जगात सर्वाधिक कसावा नायजेरियात पिकतो आणि लोक तो रोज गारी, म्हणजे त्याचा परतलेला कोरडा रवा, करून खातात. ती होते कशी? कंद सोलून किसला की पेशी फुटतात आणि कंदातलंच विकर (एन्झाइम) लिनामरिन फोडायला लागतं. कीस पोत्यात भरून, वर दाब देऊन दोन-तीन दिवस आंबवतात, पाणी निथळून जातं. मग चाळून मोठ्या कढईत परततात. हायड्रोजन सायनाइड साधारण २६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे गरम कढईतून ते उडून जातं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात गारीसाठी सायनाइडची मर्यादा आहे किलोला २ मिलिग्रॅम.

ही रीत तिथल्या बायकांची. प्राध्यापकांचं काम त्यापुढचं: कीस किती बारीक हवा, किती तास आंबवायचा, आणि एका कढईऐवजी टनांनी माल काढताना आच किती ठेवली तर दाणा सुकेल पण करपणार नाही. साखर कारखान्यात रस आटवण्याला आपण स्वयंपाक म्हणत नाही. आणि काका, आपला उपवासाचा साबुदाणा याच कंदाचा, तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांतून येतो.

पदव्या विकत? एक प्रकरण घडलंय, मान्य. २०२३ मध्ये एका पत्रकाराने सहा आठवड्यांत पदवी मिळवून दाखवली. पण विद्यापीठ शेजारच्या बेनिनचं होतं, आणि ते उघडं पाडणारा पत्रकार नायजेरियाचा.

तिथे प्राध्यापक होण्याची वाट लांब आहे. पदवीनंतर वर्षभर सक्तीची युवा सेवा, मग असिस्टंट लेक्चरर, लेक्चरर, सीनियर लेक्चरर, रीडर आणि शेवटी प्रोफेसर. या शेवटच्या पायरीआधी शोधनिबंध बाहेरच्या तज्ज्ञांकडे तपासायला जातात. पुष्कळ जण देश सोडतात, हे नाकारत नाही. २०२२ मध्ये संपामुळे सरकारी विद्यापीठं आठ महिने बंद होती. तरी लतीफ सानी या प्राध्यापकांसारखे लोक तिथेच आहेत. अबेओकुटाच्या कृषी विद्यापीठात कसाव्यावर काम करून ते पुढे इलोरिनच्या साठवण संशोधन संस्थेचे प्रमुख झाले.

भाचीचे सर याच पायऱ्या चढून आलेत. काका, तो मेसेज काढा आणि आज तिला फोन करा.