एकेचाळीस पानं

आमच्या घरी क्रोटन आला तेव्हा त्याला एकेचाळीस पानं होती. हा आकडा मला पाठ आहे, कारण आल्या दिवशीच मी ती मोजली. झाडाची पानं कोण मोजतं, असं बायकोने विचारलंच. पण नर्सरीवाल्याने माझ्यासमोर साडेतीनशे रुपये थुंकी लावून मोजून घेतले होते. मग मी पानं का मोजू नयेत?

खरं तर आम्ही तुळस आणायला गेलो होतो. पुण्यातून सोलापूर रस्त्याला हडपसर सोडलं की दोन्ही बाजूंना रोपवाटिकाच रोपवाटिका लागतात. तिथे तुळशीसाठी गेलेला माणूस फक्त तुळस घेऊन परत आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बायकोला टीव्हीशेजारचा कोपरा रिकामा दिसत होता. तो मलाही दिसत होता, पण मला तो तसाच आवडत होता. समोर हिरव्या जाळीखाली क्रोटन रांगेने उभे होते: लाल, पिवळे, नारिंगी, शेंदरी, एकेका फांदीवर अख्ख्या लग्नातले शालू.

"काळजी कशी घ्यायची?" मी विचारलं.

"याला काही लागत नाही साहेब. दणकट झाड आहे."

हे वाक्य मी आयुष्यात दोनदा ऐकलंय. पहिल्यांदा सेकंडहँड स्कूटर घेताना.

मलाही ते पटलं, कारण क्रोटन मी लहानपणापासून पाहत आलोय. आमच्या गावच्या पंचायत समितीच्या व्हरांड्यासमोर गेरू फासलेल्या कुंड्यांमध्ये हे झाड असायचं. शिपाई आठवण झाली तर पाणी घालायचा आणि येणारे-जाणारे तंबाखूची पिंक घालायचे. बीडीओ बदलले, सभापती बदलले, क्रोटन होता तिथेच आणि होता तसाच रंगीत. मग माझ्याकडे काय अडचण येणार?

तिसऱ्या रात्री 'टप्' असा आवाज आला. क्रोटनचं पान जाड असतं, रेक्झिनसारखं. ते गळून तरंगत वगैरे खाली येत नाही, सरळ फरशीवर पडतं. मी दचकून उठलो.

"झोपा हो," बायको म्हणाली, "पान पडलंय, पाल नव्हे."

चाळीस.

आठवड्याभरात बत्तिसावर आलो. आई म्हणाली, "पाणी कमी पडतंय रे त्याला." आईचं हे निदान झाडं, माणसं आणि आमटी या तिन्हींना लागू असतं. त्या दिवसापासून सगळ्यांनीच मनावर घेतलं. सकाळी आई पूजेच्या तांब्यातलं उरलेलं पाणी ओतायची, बायको तुळशीला घालता घालता यालाही घालायची, मुलगी शाळेच्या बाटलीतलं उरलेलं रिकामं करायची, आणि संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी अपराधी भावनेने मगभर घालायचो. एका झाडाला चार पाणके, आणि चौघांनाही वाटतंय की बाकीचे तिघं विसरले असणार. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून डास झाले आणि खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. टप्, टप्.

शेवटी मेहुणा आला. तो कृषी महाविद्यालयात दीड वर्ष होता, पुढचं आम्ही विचारत नाही. त्याने कुंडीत बोट खुपसलं, बाहेर काढून वास घेतला आणि म्हणाला, "दाजी, हे झाड बुडालंय." मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. माती सतत चिखल राहिली तर ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभं राहूनही झाड तहानलेल्यासारखं मान टाकतं, आणि ते पाहून आपण आणखी पाणी घालतो. बोटाचं पहिलं पेर जाईल तिथवर माती कोरडी लागली तरच घालायचं, तेही कुंडीच्या भोकातून निथळेपर्यंत, आणि ताटली लगेच ओतून टाकायची. दोन दिवस घरातले सगळे येता-जाता कुंडीत बोट घालत होते. मग मी तो अधिकार स्वतःकडे घेतला.

जाताना मेहुण्याने मोबाइल पाहत आणखी एक बॉम्ब टाकला. "दाजी, क्रोटनच्या बियांचं तेल म्हणजे जालीम जुलाब. हा जमालगोटा आहे!"

आईने त्या दिवशी झाडापासून देवघरापर्यंत फरशी पुसून घेतली. मला रात्रभर वाचत बसावं लागलं. निघालं ते असं, की शास्त्रातला खरा 'क्रोटन' जमालगोटाच, क्रोटन टिग्लियम. आपल्या कुंडीतल्याचं नाव कोडिअम व्हेरिगेटम. कूळ एकच, एरंडाचं, पण ही दोघं सख्खी भावंडं नव्हेत, एकाच आडनावाची माणसं म्हणा. तरी आपलाही अगदीच गरीब नाही. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो अंगाला लागला तर खाजतं आणि पोटात जाणं बरं नव्हे. मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी हाताबाहेर ठेवलेली बरी. हे सगळं मी आईला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे मी म्हटलं तेच."

पाण्याचं जमलं, तरी गळती थांबेना. इथे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी त्याला फिरवायला लागलो. टीव्हीशेजारी गळतोय म्हणून खिडकीत. खिडकीत पंख्याचा वारा लागतो म्हणून शयनगृहात. दमट हवा आवडते असं वाचलं म्हणून चार दिवस न्हाणीघरात, तिथे तो टॉवेलच्या दांडीखाली उभा असायचा आणि आंघोळ करताना कोणीतरी बघतंय असं वाटायचं. मग उजेड हवा म्हणून डिसेंबरात थेट उघड्या गॅलरीत. पुण्यात त्या दिवसांत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि हे झाड मूळचं इंडोनेशिया-मलेशियाकडचं, बारमाही उबेतलं. त्याला स्वेटरही नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या बायका कुंडीपाशी थबकून विचारत होत्या, "हे कसलं हो झाड?" सतरा पानं उरली होती, सगळी शेंड्याला. खाली नुसती काठी. झेंड्याला लावायची तसली.

क्रोटनला जागा बदललेलीच खपत नाही, हे मला तेव्हा कळलं. उजेड, उष्णता, हवेतला ओलावा, यातलं काहीही अचानक बदललं की तो आधी पानं टाकतो. नर्सरीतून घरी आल्यावर थोडी गळ होणारच होती. पंधरा-वीस दिवस गप्प बसलो असतो तर तो सावरला असता. मी दर आठवड्याला त्याची बदली करत होतो. पंचायत समितीतल्या क्रोटनचं गुपित हेच. अख्ख्या कचेरीत बदली न झालेला तो एकटाच होता.

आणि रंग! शेंड्याला जी नवी पानं घरात फुटली ती हिरवीगार. आधी बरं वाटलं, कारण बऱ्याच जातींत पान कोवळं असताना हिरवट असतं आणि मग रंग धरतं. आमच्याकडे धरेना. कमी उजेडात झाडाला पोट भरायचीच चिंता, मग ते सगळा भर हरितद्रव्यावर देतं. नटणंमुरडणं सुचणार कुठून? म्हणजे टीव्हीशेजारचा तो कोपरा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिथे क्रोटन जगेल पण रंगणार नाही. बायकोला हे सांगितलं. ती काही बोलली नाही. तिने कोपऱ्यात चपलांचं कपाट सरकवलं.

जानेवारी सरल्यावर तो पूर्वेच्या गॅलरीत गेला आणि मी कुंडीखाली खडूने गोल आखला. इथून हलायचं नाही. सकाळचं सात ते अकराचं ऊन मिळतं, वैशाखातलं दुपारचं लागत नाही. ते लागलं तर पानांवर करपल्याचे डाग पडतात. जरा कुठे बरं चाललं तोच मार्चच्या कोरड्या हवेत पानं निस्तेज झाली, वर बारीक ठिपके, देठाशी जाळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली, तर कागदावर पडलेली धूळ चालायला लागली. लाल कोळी! माणसाला घाम फुटतो त्या हवेत यांची भरभराट. रविवारी सकाळी क्रोटनला न्हाणीघरात नेऊन (गोल सोडला, नाइलाज होता) पानं खालून वरून धुतली. मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांड्याचा साबण घालून दर पाच-सहा दिवसांनी संध्याकाळी फवारणी. महिनाभर आमच्या घराला आयुर्वेदिक दवाखान्याचा वास होता. कोळी गेले. पाहुणेही कमी झाले.

जूनमध्ये पाऊस पडला आणि मी मन घट्ट करून ती काठी निम्म्यावर छाटली. बनियनवर चीक उडाला, ते डाग अजून आहेत. आई म्हणाली, "होतं नव्हतं तेही मारलंस." तीन आठवडे काहीच नाही. मग एका सकाळी सालीवर बारीक गाठी दिसल्या, एक, दोन, पाच, आणि त्यातून चोचीसारखे कोंब. श्रावणात मी पुन्हा मोजायला लागलो. दसऱ्याला अठ्ठावन्न. आणि काय रंग! लाल, केशरी, शिरांतून पिवळं धमक.

म्हणजे असं मी ऐकतो. कारण झाड उजेडाकडे तोंड करून वाढतं. गॅलरीतल्या झाडाचं तोंड बाहेर. आम्हाला हॉलमधून दिसते ती त्याची पाठ: काही काटक्या, हिरवट पानं आणि कुंडीला चिकटलेलं नर्सरीचं लेबल. उपाय सोपा आहे, आठवड्यातून एकदा कुंडी जागच्या जागी पाव वळसा फिरवायची, म्हणजे चारी बाजूंनी सारखं भरतं. परवा मी तेवढ्यासाठी कुंडीला हात लावला, तोच समोरच्या इमारतीतल्या काकूंनी त्यांच्या खिडकीतून हाक मारली.

"अहो, फिरवताय की काय?"

"हो, जरा इकडेही रंग—"

"रविवारपर्यंत थांबा ना! आमच्या मुलीला बघायला येताहेत. सोफा मुद्दाम खिडकीकडे तोंड करून ठेवलाय."

मी थांबलोय. बायको म्हणाली, पोहे आपल्यालाही पाठवा म्हणावं.