मर्जीतला माणूस आणि भरवशाचा माणूस

सेनापतीने मित्राच्या सल्ल्याने युद्ध चालवू नये, हा मुद्दा आमच्या मित्रमंडळींच्या गप्पांत वकीलसाहेबांनी मांडला आणि पुराव्यादाखल अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला फोर्ट वॉशिंग्टन पुढे केला. मॅनहॅटन बेटावरचा हा किल्ला १६ नोव्हेंबर १७७६ रोजी पडला आणि सुमारे २,८०० सैनिक इंग्रजांच्या कैदेत गेले. किल्ला राखता येईल असे छातीठोकपणे सांगणारा नथॅनिएल ग्रीन हा अमेरिकन फौजेचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याच्या मर्जीतला होता. क्वेकर, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, घराण्यात वाढलेला, पायाने किंचित अधू आणि युद्धशास्त्र मुख्यतः पुस्तकांतून शिकलेला. "मर्जीतला नसता, तर एवढ्या हानीनंतर त्याची गय झाली असती काय?" असा वकीलसाहेबांचा सवाल होता.

मास्तरांनी आरोप अर्धाच मान्य केला. वॉशिंग्टन स्वतः तिथे काही दिवस आधी पोचला होता आणि तरीही त्याने निर्णय ग्रीनवर सोडला. पुढे एका पत्रात आपले मन तेव्हा द्विधा झाले होते, अशी कबुलीही त्याने दिली. दोष दोघांचा असताना एकाला बळी देणे सोपे होते, ते त्याने केले नाही, एवढेच मास्तरांचे म्हणणे. त्यावर वकीलसाहेबांनी, त्या कैद्यांपैकी बहुसंख्य न्यूयॉर्कच्या कोठड्यांत आणि तुरुंग-जहाजांत मेले, त्यांना या दिलदारपणाचा काय उपयोग, असे विचारले. याला उत्तर नव्हते आणि कोणी तसा आवही आणला नाही.

खरी चर्चा रंगली ती जोसेफ रीडच्या पत्रावरून. रीड हा वॉशिंग्टनचा जवळचा सहकारी. पण किल्ला पडल्यावर त्याने आपल्या सेनापतीच्या अनिश्चित स्वभावाची तक्रार परस्पर वॉशिंग्टनच्याच हाताखालच्या जनरल चार्ल्स लीला लिहून कळवली. लीचे उत्तर आले तेव्हा रीड बाहेरगावी होता आणि सरकारी कामकाजाचे पत्र समजून वॉशिंग्टनने ते फोडले. आत त्याच्याच निर्णयशक्तीवर ताशेरे होते. त्याने ते पत्र रीडकडे पाठवले आणि सोबत, चुकून उघडले गेले म्हणून दिलगिरी व्यक्त केली. बँकेतल्या मित्राला यात निव्वळ मुत्सद्दीपणा दिसला: रीडला याहून जास्त ओशाळवणे शक्य नव्हते. मला मात्र नंतरचे पत्र महत्त्वाचे वाटते. १७७७ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनने रीडला लिहिले की, दुःख टीकेचे नव्हते. माझ्यात उणीव दिसत होती तर ती मला सांगायला हवी होती, आणि तेवढा माझा तुमच्यावर हक्क होता. विश्वास म्हणजे स्तुती नव्हे, तोंडावर बोलण्याची मुभा, हा त्याचा हिशेब इथे स्पष्ट होतो. ग्रीन तसा बोलणारा होता, म्हणूनच तो टिकला, असे मी म्हणालो.

आमच्यातल्या धाकट्याने मग तारखा मांडल्या. बेनेडिक्ट आर्नल्डची फितुरी २५ सप्टेंबर १७८० रोजी उघड झाली. साराटोगाच्या लढाईत पायाला जखम घेतलेला हा वीर वेस्ट पॉइंटचा किल्ला शत्रूला विकायला निघाला होता आणि ते ठाणे त्याला वॉशिंग्टननेच दिले होते. एवढी ठेच लागल्यावर माणूस सगळ्यांवर पहारा बसवतो. पण तीन आठवड्यांच्या आत, १४ ऑक्टोबरला, त्याने शेकडो मैल दूरची दक्षिणेची फौज ग्रीनच्या हवाली केली आणि तपशीलवार आज्ञा देता येणार नाहीत, स्वतःच्या बुद्धीने चालावे, असे कळवले. वकीलसाहेबांच्या मते ही निव्वळ अगतिकता होती, कारण काँग्रेसने, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, निवडलेले हाऊ, लिंकन आणि गेट्स हे तिघे सेनापती तिथे एकामागून एक हरले होते. अगतिकता होतीच, पण त्याच वर्षी रसदखात्याचा राजीनामा उद्धटपणे दिल्याबद्दल काँग्रेसमधले काही जण ग्रीनला सैन्यातूनच काढायला निघाले होते आणि वॉशिंग्टनने मध्ये पडून ते टाळले नसते, तर निवडायला ग्रीन उरलाच नसता.

ग्रीनने दक्षिणेत पोचून हीच रीत खाली उतरवली. आधीच तुटपुंजी असलेली फौज त्याने विभागली आणि एक भाग डॅनिएल मॉर्गनला दिला. युद्धशास्त्राच्या पुस्तकांना न मानवणारा हा डाव १७ जानेवारी १७८१ रोजी काउपेन्सला फळला आणि दक्षिणेतला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस याच्या फौजेचा एक भाग तिथे पार मोडला. (पुढे टिपूविरुद्ध हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन ज्याच्या जोडीने लढले तो कॉर्नवॉलिस तो हाच, हे मास्तरांनी इथे सांगून टाकले.) दुखण्याने जेरीस येऊन मॉर्गन घरी निघाला, पण वाटेतूनही त्याने ग्रीनला नवख्या शिबंदीची मांडणी कशी करावी आणि पळणाऱ्यांवर गोळ्या झाडायला मागे निवडक माणसे कशी ठेवावीत, हे न संकोचता लिहून कळवले. ग्रीनने १५ मार्चला गिलफर्डला त्याच धर्तीवर फौज उभी केली, मैदान सोडले, आणि कॉर्नवॉलिसची जवळपास चौथाई फौज त्या दिवशी कामी आली किंवा जखमी झाली.